खिडकीबाहेरचे आणि शेजारच्या सीटवरचे

वाटूर फाट्यावरच्या सहलीत सगळ्यात आधी ठरतो तो आचारी. गाडी त्याच्यानंतर आणि देव त्याच्याही नंतर. चांगला आचारी लग्नसराईत हाती लागत नाही, म्हणून सहल श्रावणात. चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात आणि मुक्कामाला अर्ध्या भाड्यात मिळतात. खुरपणी उरकलेली असते, मूग तोडणीला यायला अजून अवकाश असतो. एक फवारणी पुढं ढकलली की शेत माणसाला एका मुक्कामापुरतं सोडतं. शहरातला माणूस सुट्ट्या बघून सहल ठरवतो. इथं पीक, पंचांग आणि आचारी हे तिघं बसून ठरवतात.

या अंकासाठी संपादकांनी अमेरिकेतल्या एका कौटुंबिक बस-सहलीचं पत्रक पाठवलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांचा मुलूख, वाटेत ऐतिहासिक स्थळं, जेवणखाण धरून माणशी अमुक डॉलर. मोटार न बाळगणारी, घोडागाडी हाकणारी, साध्या कपड्यांतली धर्मनिष्ठ माणसं बसच्या खिडकीतून बघायची. ‘आपल्याकडे याच्या जवळपास जाणारं काही आहे का, जाऊन बघा,’ एवढाच निरोप होता. मी वाटूरची गाडी निवडली, कारण तिच्या यादीत लोणार होतं, सिंदखेडराजा होतं आणि शेवटी जाळीचा देव होता. म्हणजे चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचं ठिकाण.

वाटूर हे परतूर तालुक्यातलं गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला इथं परतूरचा फाटा फुटतो. शेगावहून पंढरपूरला जाणारा दिंडी मार्गही इथूनच जातो. बाहेरच्याला फाटा म्हणजे चहाच्या टपऱ्या, कृषी केंद्रं आणि काळी-पिवळीची वाट बघणारी माणसं. पण रस्त्यावरच्या गावाला प्रवासाची सवय असते. गाडी कुठली घ्यावी, ड्रायव्हर कसा पारखावा, मागच्या सीटवर कुणाला बसवू नये, हे इथल्या बायकांना तोंडपाठ असतं.

माणशी, हाफ आणि मांडीवरचं

सहल काढली होती बचत गटानं. गटाच्या अध्यक्षबाईंना सगळे अक्का म्हणतात. वर्षभर दरमहा थोडे पैसे बाजूला पडतात आणि त्यातून निम्मी वर्गणी आपोआप जमते. उरलेली निघायच्या आदल्या आठवड्यात. मोठ्या माणसाला पूर्ण, शाळकरी पोराला हाफ, मांडीवरच्याला काही नाही. मांडीवरचं कुणाला म्हणायचं यावर दर वर्षी वाद होतो. या वेळी तिसरीतला एक मुलगा मांडीवरचा म्हणून नोंदवला गेला होता. अक्कांनी त्याला गाडीच्या दारात उभं केलं आणि त्याच्या आईला एवढंच सांगितलं, “बस, घे बरं मांडीवर.” पैसे निघाले.

पुढच्या सीटा ज्यांना गाडी लागते त्यांना. त्यांच्याकडं लिंबू आणि प्लास्टिकच्या पिशव्या. मधल्या सीटा लेकुरवाळ्यांना आणि शेवटची रांग तरण्या पोरांना, कारण तिथं हाडं खिळखिळी होतात. एसटी महामंडळही प्रासंगिक करारावर गाडी देतं आणि शाळांच्या सहली बहुतेक त्यावरच जातात. पण गटाला हवी असते वाटेत कुठंही थांबणारी, टपावर पातेली नेणारी गाडी. म्हणून खासगी.

गॅसची टाकी मात्र गाडीत चढत नाही. प्रवासी वाहनात ती नेऊच नये असा नियम आहे, पण तो पाळणारे कमी. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात चोरून नेलेल्या टाकीनं आग लागली आणि माणसं गेली. ती बातमी अक्कांच्या लक्षात होती. त्यामुळं आचारी, शेगड्या, पीठ आणि भाजी घेऊन एक छोटा हत्ती तासभर आधी निघतो. बस त्याच्या मागावर असते. दुपारी एक वाजता छोटा हत्ती जिथं उभा असेल तिथं पंगत, आणि पाहायची स्थळं त्याच्या आजूबाजूला बसवायची. पर्यटन खात्याचा कुठलाही नकाशा या हिशेबानं काढलेला नाही.

दुसरा नियम रात्रीचा. अंधार पडला की गाडी उभी. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण होरपळून मेले. जागा इथून लांब नाही. तेव्हापासून ‘रात्री झोपेत पोचू’ हे वाक्य इथं कुणी बोलत नाही. समृद्धीवर गाडी घालायचीच नाही, हेही ठरलेलं. कारण भीतीचं आहे तसं सोयीचंही आहे. त्या रस्त्यावर कडेला थांबून लिंबू सरबत करता येत नाही.

दगड पडला की दैत्य

मंठा ओलांडून गाडी लोणारला पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. श्रावणात विवराच्या उतारावर हिरवं जंगल दाटतं आणि तळाशी ते गढूळ हिरवट पाणी दिसतं. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद आणि सव्वाशे मीटरहून जास्त खोल असा हा खड्डा. गाडीत मंठ्याहून चढलेले एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी काठावर उभं राहून पोरांना सांगितलं की अशनी पडून हे झालं, तेही बेसाल्टच्या कठीण खडकात, आणि तसं ठिकाण जगात विरळा. पूर्वी याचं वय बावन्न हजार वर्षं धरत. पुढं खडकांची नव्यानं तपासणी झाली तेव्हा ते साडेपाच लाखांच्या पुढं गेलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली. गुरुजींना हे सगळं आकड्यांसह पाठ होतं.

पलीकडं एक मावशी दुसऱ्या पोरांना लवणासुराची गोष्ट सांगत होत्या. दैत्य या खड्ड्यात राहायचा, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवून त्याला मारलं आणि त्याचं रक्त म्हणजे हे खारट पाणी. दोन्ही व्याख्यानं एकाच वेळी, दहा हातांच्या अंतरावर चालू होती. कुणी कुणाला खोडलं नाही. पोरं मधल्या मध्ये ये-जा करत होती. तेवढ्यात एकीनं विचारलं, “मग दैत्य दगड पडायच्या आधी राहायचा का नंतर?” गुरुजी हसले आणि धारेकडं चला म्हणाले. ती वेळ मारून नेणं होतं, पण मला ते योग्य वाटलं.

गोमुखाच्या धारेवर बायकांनी पाय धुतले. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गाडीतला प्रत्येक जण मान वर करून छत बघत होता. नक्षीकाम बघायला इथं कुणाला तिकीट किंवा अभ्यास लागत नाही, मान दुखेपर्यंत लोक बघतात.

फक्त एक आजी देवळाच्या पायरीशी जरा थांबल्या. मग आत येऊन त्यांनी छत पाहिलं, खांब पाहिले, गाभाऱ्याकडं मात्र हात जोडले नाहीत. सुनेनं सांगितलं, “आत्या महानुभाव आहेत. त्यांचा उपदेश झालेला आहे.” उपदेश घेतलेला माणूस परमेश्वराच्या पाच अवतारांखेरीज दुसऱ्या दैवताची उपासना करत नाही. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर, एवढेच. आजींच्या जवळ एक लहान पिशवी होती. तीत ‘विशेष’ होते, म्हणजे स्वामींचा संबंध झालेल्या जागांचे पूजेतले दगड. त्यांचा देव त्यांच्याबरोबर गाडीत होता.

परिश्रयाची नोंद

लोणार आजींना परकं नव्हतं. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींचं लोणारचं वास्तव्य आहे. यादव राजा कान्हरदेव त्यांना इथंच भेटायला आल्याची लीळा आहे. मेहकरही त्यांच्या वाटेवरचं. तेराव्या शतकातले चक्रधर सतत हिंडणारे होते. गुजरातेतून आले आणि गोदाकाठ, वऱ्हाड, खानदेश पायाखाली घातला. ते कुठल्या देवळात उतरले, कुठल्या ओट्यावर बसले आणि कुणाच्या घरचं जेवले हे शिष्यांनी जिवापाड जपलं. म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून आठवणी गोळा केल्या आणि रिद्धपूरला लीळाचरित्र उभं राहिलं. मराठीतलं पहिलं गद्य चरित्र असं त्याला म्हणतात. मला ते पहिलं रिपोर्ताजही वाटतं.

पण सहलीच्या दृष्टीनं त्याहून मोलाचं पुस्तक आहे ते ‘स्थानपोथी’. चौदाव्या शतकातल्या मुनी व्यास कोठी यांच्या नावावर ते आहे आणि अलीकडच्या काळात वि. भि. कोलते यांनी ते संपादित केलं. गावातलं देऊळ कुठल्या तोंडाचं, दार कुठल्या दिशेला, स्वामींचं आसन कुठं, जेवणाची जागा कुठं, शेजारी आणखी कुठली देवळं, हे त्यात एकेका गावाखाली दिलेलं आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वी मराठीत प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक होतं, आणि ते लिहिणाऱ्यांनी परिश्रयाची, म्हणजे स्वामी शौचाला कुठं जात त्या जागेचीही नोंद ठेवली. भक्तीच्या दृष्टीनं त्यांच्या सहवासाची प्रत्येक जागा वंदनीय, म्हणून ती आली. पण सहलीतल्या बायकांना विचारा, पुस्तकात आधी काय हवं. सुलतानपूर ते दुसरबीड एवढ्या पट्ट्यात अक्कांनी तीन पेट्रोलपंपांवर चौकशी केली. एकाला कुलूप होतं, एकाला पाणी नव्हतं आणि तिसऱ्यानं डिझेल घेतल्याशिवाय किल्ली दिली नाही. आजच्या एकाही पर्यटनपुस्तिकेत ही माहिती नसते.

पंथानं हे साहित्य सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या उकलेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेचा केवढा ठेवा मठांत पडून आहे याचा पत्ता नव्हता. भाषेचा आग्रह मात्र पहिल्यापासून रोकडा होता. विद्वान शिष्य संस्कृतात लिहू लागले की पंथाचे आचार्य नागदेव त्यांना अडवत, कारण त्यानं पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. आज रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ आहे, त्याची मुळं तिथपर्यंत जातात.

एक गंमत अशी की चक्रधरांनी शिष्यांना माहूर आणि कोल्हापूर या दोन ठिकाणी जाऊ नका असं सांगून ठेवलं आहे. वाटूरहून निघणाऱ्या सहलींचे आवडते टप्पे नेमके हे दोन. मी आजींना विचारलं, गाडी तिकडं गेली तर? “मी सामान राखते. सामानाला कोणी तरी लागतंच की.”

राजवाड्यात वीस मिनिटं

मेहकरला शारंगधर बालाजीची उंच, काळी, चकचकीत मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. तिथं दर्शन झालं आणि पंगत झाली. पंगतीला दीड तास, मूर्तीला पंधरा मिनिटं. संध्याकाळी सिंदखेडराजा.

मला वाटलं होतं इतिहासाला इथं तरी वेळ मिळेल. लखुजी जाधवांच्या राजवाड्याचं भव्य दार, जिजाऊंचा जन्म झाला ती खोली, बाहेर पुतळा. जन्म १२ जानेवारी १५९८ चा. दर जानेवारीत त्या दिवशी इथं मुंगीला वाट मिळत नाही. आमच्या गाडीनं वीस मिनिटं दिली. पण त्या वीस मिनिटांत गटातल्या बायका जन्मखोलीत ज्या तऱ्हेनं गेल्या ते बघण्यासारखं होतं. चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला. एकीनं ओटीचं सामान आणलं होतं. पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीनं ते स्मारक आहे. त्यांच्या दृष्टीनं ते एका बाईचं माहेर आहे आणि माहेरी रिकाम्या हातानं जात नाहीत. आजींनीही इथं उंबऱ्याला हात लावला. ही उपासना नव्हे, असं सूनबाईंनी मी न विचारता सांगितलं.

लखुजींच्या समाधीकडं आम्ही पाच-सहाच जण गेलो. एवढी मोठी वास्तू आणि आत वटवाघळांचा वास. १६२९ साली दौलताबादेत निजामशाहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांची मुलं मारली गेली, तेव्हा शिवाजी महाराज जिजाऊंच्या पोटात होते. गुरुजी हे सांगत असताना कुणी तरी ओरडलं की चहा झाला. पुतळा बारव तर राहूनच गेली, आणि त्याचं वाईट वाटणारा गाडीत मी एकटाच होतो. पायऱ्यांच्या विहिरीवर कोरलेल्या मूर्तींसाठी कुणी तरी निराळी गाडी काढायला हवी.

“बोलता येईना त्यांच्याशी”

मंगल कार्यालयात सतरंज्या अंथरल्यावर कळलं की गुरुजी आणि त्यांच्या मंडळी खुद्द त्या आमिश मुलखात, लँकेस्टरला जाऊन आले आहेत. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या घरापासून मोटारीनं अडीच तास. आईवडील आले की नायगारा आणि वॉशिंग्टन दाखवून झाल्यावर शनिवारचा दिवस आमिश मुलखाला, हा तिकडच्या मराठी घरांतला ठरलेला रिवाज दिसतो.

आमिश मूळचे स्वित्झर्लंड आणि अल्सासकडचे. १६९३ च्या सुमारास याकोब आमान यांच्यामागं फुटून निघालेला हा ख्रिस्ती पंथ. पुढं छळाला कंटाळून आणि जमिनीच्या ओढीनं पेनसिल्व्हेनियात आला. घरात जर्मनची बोली बोलतात, बाहेरच्या सगळ्यांना ‘इंग्लिश’ म्हणतात. तारांवरून येणारी वीज घरात घेत नाहीत. मुलं आठवीपर्यंत शिकतात. तो त्यांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ साली मान्य केला. मोटार स्वतःची नको, पण दुसऱ्यानं चालवलेल्या भाड्याच्या गाडीत बसायला हरकत नाही. हा आडमुठेपणा नव्हे. कुठली वस्तू घरात आली की शेजार तुटेल याचा त्यांचा काटेकोर हिशेब असतो. त्यांच्याकडं बघायला येणाऱ्यांचा ओघ आधीपासून होता, १९८५ च्या ‘विटनेस’ या हॅरिसन फोर्डच्या चित्रपटानं तो आणखी वाढवला.

गुरुजींच्या बाईंना आठवत होतं ते वेगळंच. “घोडागाडी दिसली की सगळी गाडी एका अंगाला. गाइड सांगायची, फोटो काढू नका, त्यांना चालत नाही. तरी लोक काढतच होते. काकवीसारख्या मोलॅसिसचा एक पाय खाल्ला, शूफ्लाय का काय, गोडमिट्ट. एका घरासमोर बाई कपडे वाळत घालत होती, अगदी आपल्यासारखी, दोरीला चिमटे लावून. मला लई वाटलं उतरावं, म्हणावं, पाऊस येऊ राह्यला, लवकर काढा. पण बोलता येईना त्यांच्याशी. काचेतून बघायचं, बस.”

गुरुजींनी भर घातली की हे आमिशही बसनं सहलीला जातात. हिवाळ्यात त्यांची कुटुंबंच्या कुटुंबं बस भरून फ्लोरिडातल्या सारासोटाजवळ पाइनक्राफ्टला ऊन खायला निघतात. हे त्यांना मुलीनं सांगितलं होतं आणि ते खरं आहे. लँकेस्टरच्या सहलीच्या पत्रकात ही गोष्ट सहसा नसते. ज्यांना बघायला तिकीट लावलं ती माणसं स्वतः खिडकीशी बसून बाहेर बघतात म्हटलं की तिकिटाची लज्जत जाते.

संपादकांच्या विषयाचं मला काय करायचं ते तिथं कळलं. तिकडं वेगळी माणसं खिडकीबाहेर असतात. वाटूरच्या गाडीत ती ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या सीटवर बसलेली असतात, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन. त्यांचं वेगळेपण कुणी बघत नाही, त्याची नुसती सोय लावतात. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. निम्म्या गाडीला उपास. आजी हा उपास धरत नाहीत. आचाऱ्यानं पहाटे भगर आणि शेंगदाण्याची आमटी टाकली, आणि शेजारच्या शेगडीवर सांगावं न लागता पिठलं-भाकरी.

दंडवत प्रणाम

देऊळगावराजाहून भोकरदन तालुक्यात शिरलं की जमीन चढू लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेला जयदेववाडी आहे, तिथं जाळीचा देव. चक्रधर या रानातल्या जाळीत बसले आणि तिथल्या वाघाच्या पिलांशी खेळले, अशी कथा सांगतात. आता देऊळ आहे, आश्रम आहेत, काळ्या वस्त्रांतले साधू आणि तपस्विनी आहेत. बायकांनी संन्यास घ्यावा ही या पंथात पहिल्यापासूनची रीत. चक्रधरांनी त्यांना पुरुषांच्या बरोबरीनं शिष्य केलं आणि त्यांतली महदाइसा मराठीतली आद्य कवयित्री ठरली.

इथं गाडीतला क्रम उलटा झाला. आजी पुढं, बाकी सगळे मागं. भेटणाऱ्या प्रत्येकाला त्या “दंडवत प्रणाम” म्हणत होत्या आणि गटातल्या बायका, ज्यांनी काल धारेवर पाय धुतले आणि बालाजीला नारळ फोडला, तेच शब्द जरा अडखळत म्हणत होत्या. कुणी त्यांची जात, पंथ, उपदेश विचारला नाही. एका तपस्विनीनं अक्कांना शेजारी बसवून घेतलं आणि पावसाची, सोयाबीनची, लेकरांची चौकशी केली. लँकेस्टरला जे बाईंना जमलं नव्हतं ते इथं पहिल्या पाच मिनिटांत झालं. बाई ओट्याच्या कडेला बसून दुसऱ्या एका तपस्विनीशी कपडे वाळण्यावरच बोलत होत्या.

सगळंच गोड नव्हतं. बाहेरची बाधा झाली म्हणून आणलेली माणसं इथं येतात. आवारात एक तरुण मुलगी केस मोकळे सोडून घुमत होती आणि तिचा भाऊ तिचा दंड धरून उभा होता. पोरांना आयांनी दुसरीकडं वळवलं. गुरुजी म्हणाले हिला जालन्याला मानसोपचारवाल्याकडं न्यायला हवं. ते भावाला सांगायला मात्र गेले नाहीत, आणि मीही गेलो नाही. तेराव्या शतकात कर्मकांडाविरुद्ध उभ्या राहिलेल्या पंथाच्या दारात हे दिसावं, याचं उत्तर आजींकडंही नव्हतं. “लोक आणतात,” एवढंच त्या म्हणाल्या.

राजूरच्या गणपतीला गाडी पोचेस्तोवर चार वाजले. आजी पायरीवर बसल्या. अक्काही बसल्या, पण हिशेबाची वही काढून. डिझेल, टोल, कार्यालयाचं भाडं, आचारी, किन्नरचा भत्ता, पेट्रोलपंपावर किल्लीसाठी भरलेलं डिझेल वेगळं. माणशी थोडे पैसे उरले. ते परत द्यायचे की पुढच्या सहलीत धरायचे, आणि पुढची सहल कुठं, यावर जालना येईपर्यंत गाडी तापलेली होती. बहुमत माहूरला होतं. आजींनी सामान राखायचं कबूल केलं, पण एवढ्या लांब जायचं तर त्याच्या पुढच्या वर्षी रिद्धपूर धरा म्हणाल्या. कोणी फारसं मनावर घेईना. मग शेवटच्या रांगेतल्या एका पोरानं मोबाइलवर नकाशा उघडला आणि जाहीर केलं की रिद्धपूरवरून चिखलदरा गाठता येतो. तिथं धुकं असतं, धबधबे असतात. मागच्या पाचही सीटा एकदम रिद्धपूरच्या बाजूनं झाल्या. अक्कांनी वहीत दोन्ही नावं लिहिली आणि आजींना विचारलं, तिकडं आश्रमात शेगड्या मांडू देतील का.